बाद केलेला बिंदू

“म्हणजे दिसत नाही, पण आहे?” मॅग्नेट गार ठेवणाऱ्या द्रव नायट्रोजनचा पाइप जोडत हणमंतरावांनी विचारलं.

“हो, अण्णा. प्रोटीन शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा एकाच रूपात असतं. एखाद्या वेळी क्षणभर दुसरं रूप घेतं. ते दिसत नाही, पण त्याच्यापायी दिसणाऱ्याचा सिग्नल लवकर विझतो. विझण्याचे आकडे घेऊन रेषा काढली, की न दिसणारं सापडतं.”

“आमच्या घरी हेच चाललंय.”

१९९८ साल. बेंगळुरूतल्या आमच्या प्रयोगशाळेत हणमंतरावांची कायम सकाळपाळी. राजाजीनगरच्या घरी शारदाबाई, स्मृती गेलेल्या. दोन वर्षं त्या नवऱ्याला मीटर वाचायला आलेला माणूस समजत. खोटं नको म्हणून हणमंतराव रोज उठून मीटर वाचून येत. पण मधूनच, अर्धा मिनिट, त्या “अहो” म्हणत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणली. चौदा ‘अहो’, तारीख-वेळेसकट.

“शंतनुराव, स्वल्प, म्हणजे जरा, रेषा काढा. पुढचा केव्हा? मला समोर असायचंय.”

मी काढली. कॉम्प्युटरला प्रोटीन काय नि बायको काय. तेरा बिंदू दुपारी चारच्या आसपास सुरेख बसले. एक मात्र सुट्टीच्या सोमवारचा, सकाळी दहाचा, भलतीकडेच पडला होता. अशांना आम्ही बाद करतो. केला.

“मग सकाळची रजा नको टाकायला?”

“छे! चारला फक्त जागचे हलू नका.”

तीन आठवडे ते रोज चारला दाढी करून बायकोसमोर बसले; ‘अहो’ आलं नाही. हणमंतराव एरवी सकाळी घरी असतातच कुठे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

चौथ्या सोमवारी ते इथं नायट्रोजन भरत होते, तेव्हा शारदाबाई म्हणाल्या, “अहो, चहा गार होतोय.” सकाळी त्यांच्याजवळ बसणाऱ्या शेजारच्या पद्मावतीअक्कांनी ऐकलं. बुधवारी शारदाबाई गेल्या.

पंधरा दिवसांनी हणमंतराव कामावर आले. वही माझ्यापुढे ठेवली. शेवटची ओळ अक्कांच्या अक्षरात, कन्नडमध्ये: सोमवार, दहा.

“अक्का म्हणतात, सकाळी ती रोजच हाक मारायची. त्यांना वाटलं, मला ठाऊक असेल.”

मी कॉम्प्युटरवर ती रेषा उघडली.

“तो बाद केलेला परत घाला,” ते म्हणाले. मी घातला.

मग नेहमीसारखं त्यांनी मॅग्नेटच्या खोलीबाहेरच्या ट्रेमध्ये घड्याळ काढून ठेवलं. किल्ल्या ठेवल्या. खिशातून कागदाची पुडी काढली, त्यातली जोडवी ठेवली.

“अण्णा, चांदीला मॅग्नेट ओढत नाही.”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “आत गार असतं.”