मधली जागा

अर्नीने नव्या गव्हर्नर गाडीचं दार उघडलं, आत बसला आणि दोन सीटांच्या मधल्या खोक्यावर थाप मारली.

"हे काय आहे?"

"कप ठेवायला, मामा," डेल म्हणाला. डेल शोरूमचा विक्रेता आणि बहिणीचा मुलगा, त्यामुळे त्याला दुप्पट बोलणी खावी लागत.

"कप? इथे तुझी मामी बसते!"

मामी, म्हणजे लव्हर्न, पर्स छातीशी धरून बाहेर उभी होती. तिने छताकडे पाहिलं.

अर्नीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. निवृत्त होईपर्यंत त्याने कारखान्यात गव्हर्नरच्या पुढच्या सीटा बसवल्या, सोफ्यासारख्या सलग. घरीही गव्हर्नरच. पहिलीला मागे माशासारखे पंख होते, नंतरची नावेएवढी लांब, पेट्रोल महागलं तेव्हाची आखूड. पंख गेले, लांबी गेली, पण लव्हर्न त्याच्याशेजारी मधेच बसायची. मग कंपनीने हे खोकं आणलं आणि अर्नी जुन्या गाडीला चिकटून बसला. मिशिगनच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने तिचा तळ इतका खाल्ला, की शुक्रवारी मासे खायला जाताना लव्हर्नचे बूट भिजत.

शेवटी तिने बजावलं होतं, या आठवड्यात गाडी बदल, नाहीतर मी मैत्रिणीच्या, हेलनच्या जपानी गाडीतून चर्चला जाईन. आणि ती परकी गाडी, अमेरिकन कारखान्यात जन्म घालवलेल्या अर्नीच्या दारात उभी राहणार, सगळ्या गल्लीदेखत! त्या धास्तीने त्याला धड जेवण गेलं नव्हतं.

"सलग सीटवाली एक आहे मागे," डेल नाइलाजाने म्हणाला. "शेवटचीच. टॅक्सीवाल्यांनी मागवली, नेली नाही. पण रंग मोहरीच्या सॉससारखा पिवळा आहे, मामा."

"मला काय ती पावाला लावायचीय?"

गाडी बघून अर्नीचा चेहरा फुलला. तो स्टिअरिंगमागे बसला आणि त्याने मधली जागा हाताने झटकली. लव्हर्न पलीकडून आत शिरली आणि खिडकीशी बसली.

"इकडे ये ना."

"इथे बरंय."

"लग्नाआधीपासून मधे बसत आलीस!"

"पहिल्या गाडीची माझ्या बाजूची काच तुझ्या भावाने फोडली होती, अर्नी. वारा लागायचा."

"आणि दुसरीत?"

"पुढच्या खिडकीशी कोणी बसायचं यावरून पोरं मारामाऱ्या करायची."

"पोरं गेल्यावर?"

"कारखान्याच्या खडखडाटाने तुझा माझ्या बाजूचा, उजवा कान गेला. रस्ता सांगायला कानाशी ओरडावं लागायचं." तिने पर्स मांडीवर नीट ठेवली. "आता कानात यंत्र लावतोस. इथूनही ऐकू येतं."

इतकी वर्षं अर्नी तिच्या मधे बसण्याला प्रेमच मानत आला होता! त्याला फार वाईट वाटलं. मग त्याने उजव्या कानातलं यंत्र काढलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

"मूर्ख आहेस," लव्हर्न म्हणाली.

"काय?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पर्स उचलली, सरकत मधे आली आणि तिथला पट्टा शोधू लागली.

डेल खिडकीशी वाकला. "काय मामा, घ्यायची का?"

अर्नी समोर बघत हसत होता.

"घेतोय," लव्हर्न म्हणाली. "त्याला विचारू नकोस. आज त्याला ऐकू येत नाहीये."