पावणेअकरा फुटांचा पूल

पाटी मीच लावली होती, हे आधी सांगून टाकतो. नंतर सांगायचं धैर्य उरेलच असं नाही.

आमच्या गावाबाहेर रेल्वेचा विटांचा पूल आहे. त्याच्या अलीकडे लाल कडेची गोल पाटी आहे, तिच्यावर दहा फूट नऊ इंच. एवढंच. युरोपातून येणाऱ्या ट्रकवाल्यांच्या केबिनमध्ये ट्रकची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते. मागच्या हिवाळ्यात त्यांतला एक पुलाखाली अडकला, विटा केबिनवर कोसळल्या. तो वाचला, पण त्याची मान अजून वळत नाही म्हणतात.

देशानं फूट-पौंडांऐवजी मीटर-किलो आणायचं अर्धवट सोडलेलं काम पुरं करावं, एवढीच आमच्या मोहिमेची मागणी. आम्ही सात जण. अध्यक्ष हेस्टरबाई, शाळेत पदार्थविज्ञान शिकवायच्या. चिटणीस मी, कारण मला नाही म्हणता येत नाही. पुलासाठी कौन्सिलला अकरा पत्रं लिहिली. अकराव्यालाही "यथावकाश" असं उत्तर आलं, तेव्हा हेस्टरबाई म्हणाल्या, "एडविन, मीटरमधला आकडा तू काढ. पाटी मी रंगवते."

मंगळवारी संध्याकाळी लाल पाटीखाली आम्ही आमची पाटी स्क्रूनं बसवली. ३.३२ मीटर.

बुधवारी सकाळी माझी बायको डोरीन पडद्यासाठी खिडकी मोजत होती. "दोन फूट नऊ इंच," ती पुटपुटली, "म्हणजे पावणेतीन फूट कापड."

टोस्ट माझ्या हातातच राहिला. "पावणेतीन?"

"मग? बारा इंचांचा फूट असतो. विसरलास काय, मीटरवाल्या?"

विसरलोच होतो. चाळीस वर्षं सगळं दशांशात मोजायची सवय. दहा फूट नऊ इंच मी सरळ १०.९ फूट धरले होते. खरे ते पावणेअकरा. म्हणजे ३.२८ मीटर. चार सेंटिमीटर मी हवेतून आणले होते. एरवी लाल पाटीवरचा आकडा खऱ्या उंचीपेक्षा थोडा कमी धरून सूट ठेवलेली असते. पण उन्हाळ्यात त्या रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला होता, आणि आता किती सूट उरली होती कुणास ठाऊक.

मी हेस्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस. त्या फूट-पौंडवाल्या क्लाइव्हला कळलं तर मोहीम संपली. जा, काढून ये."

स्क्रू-ड्रायव्हर खिशात टाकून मी सायकल काढली. वाटेत प्रत्येक वळणावर कान टवकारत होतो. विटा पडल्याचा आवाज कसा असतो, मला माहीत नव्हतं. तरी तो सतत ऐकू येत होता.

पुलाच्या अलीकडे एक उंच निळा ट्रक उभा होता. ड्रायव्हर मान बाहेर काढून माझी पाटी वाचत होता. त्यानं मान आत घेतली. ट्रक हलला.

मी कधी कुणाच्या वाटेत उभा राहिलेलो नाही. ग्रंथालयात नोकरीला असताना माझ्या अंगावर कुणी ओरडलं तर मीच माफी मागायचो. पण सायकल टाकून मी रस्त्याच्या मधोमध गेलो आणि डोळे मिटून घेतले. ब्रेकचा आवाज अगदी छातीपाशी थांबला.

"आजोबा, मरायचंय का?" ड्रायव्हर ओरडला.

"जाऊ नकोस. किती उंच आहे तुझा?"

"तीन तीस. पाटीवर तीन बत्तीस आहे की!"

"ती पाटी चुकीची आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

तेवढ्यात ट्रकमागे एक व्हॅन येऊन थांबली आणि तिच्यातून क्लाइव्ह उतरला. गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि दारावर "इथे फूट आणि पौंड चालतात" असा फलक आहे. आता गप्प राहावं, असं फार वाटलं.

"मीच लावली ती," मी म्हणालो. "माझा हिशेब चुकला."

क्लाइव्ह पोट धरून हसला. "अरे एडविन! दहाच्या पाढ्यात पण नापास? हे सांगायला उद्या गावच्या सभेत ये हं, सगळ्यांसमोर!"

ड्रायव्हरनं त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा मग. तीन तीस म्हणजे तुमचे किती फूट?"

क्लाइव्हनं तोंड उघडलं. बोटं मोजली. तोंड मिटलं.

"आजोबा, मग खरा आकडा किती?"

मी खिशातला कागद काढला. ३.२८ असं तीनदा ताडून लिहिलेलं होतं. पण डांबराचा नवा थर त्यात धरलेला नव्हता. "नक्की नाही सांगता येत," मी म्हणालो. "मागे घे बाबा."

त्यानं शिवी दिली, पण ट्रक मागे घेतला. त्याच्यासाठी क्लाइव्हला व्हॅन थेट शेताच्या फाटकापर्यंत मागे न्यावी लागली.

मी पाटी काढली. चारांपैकी एक स्क्रू गवतात पडला, सापडला नाही. वर फक्त दहा फूट नऊ इंच उरले, आणि मागच्या हिवाळ्यातल्या त्या ड्रायव्हरनं वाचलं असेल तेही एवढंच.

"चल, सोडतो घरी," क्लाइव्ह व्हॅनमधून म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"तू हो पुढे."

पाटी काखेत धरून मी तिथंच उभा राहिलो. उद्या सभेत हे सगळं माझ्या तोंडानं सांगायचं होतं. वळणापलीकडून एका जड इंजिनाचा आवाज येऊ लागला. मी पुन्हा रस्त्याच्या मधोमध गेलो. या वेळी डोळे उघडे ठेवले.