कासिमिरोचं रिकामं खोकं

आमच्या मालागात कुणी चौकात कॅमेऱ्याची तिपाई मांडली, की निम्मं गाव तिच्यासमोर येऊन उभं राहतं. पाणीवाला, मासेवाला, नुसतेच रिकामटेकडे, सगळ्यांना फोटोत यायचं असतं. आणि कासिमिरो उर्दियालेसचा धंदा होता चौक, चर्च आणि बंदर यांची पोस्टकार्डं काढायचा. बोटीतून उतरणारे परदेशी मोकळ्या चौकाचं कार्ड उचलतात; त्यात मासेवाल्याची ढेरी दिसली तर परत ठेवतात. ही कार्डं माझ्याच तंबाखूच्या दुकानात टांगलेली असत, म्हणून सांगते.

त्यावर त्याने एक युक्ती काढली होती. त्याचा जाडा मेहुणा फुल्हेन्सिओ चौकाच्या एका टोकाला जुना, मोडका कॅमेरा घेऊन उभा राहायचा, काळ्या कापडात डोकं खुपसायचा आणि ओरडायचा, "इकडे बघा, हलू नका." गर्दी तिकडे धावायची. दुसऱ्या टोकाला कासिमिरो मोकळ्या चौकाचा खरा फोटो घ्यायचा. ते खोकं रिकामं आहे हे गावात बहुतेकांना माहीत होतं, तरी ते टोपी सारखी करून उभे राहायचे. उभं राहण्यातच त्यांची हौस फिटायची.

त्या जुलैत मात्र कासिमिरोच्या पायाला भिंगरी लागली होती. मोरोक्कोतल्या लढाईसाठी बोटी भरभरून पोरं मेलियाला चालली होती. श्रीमंतांची पोरं पैसे भरून घरी राहिली, बाकीची चौकातून बंदराकडे जायची, मागून त्यांच्या आया. त्याला मोकळा चौक काही मिळेना. दुकानात यायचा, काडी ओढायचा, विडी न पेटवताच बाहेर पळायचा.

अशाच एका सकाळी एक बाई दुकानाच्या दारात आली. अंगावर काळी शाल, पायात दोरीच्या चपला, मागे नव्या गणवेशातला पोरगा.

"बाई, त्या जाड्या साहेबांनी आमचा फोटो काढला आत्ता. तो मिळतो कुठं? इथंच ना?"

"तुम्ही कुठल्या?"

"वरच्या डोंगरातल्या. मनुका वाळवतो आम्ही. मी रेमिहिया, हा माझा ब्लास. एवढा एकच आहे. संध्याकाळच्या बोटीनं जायचाय."

"आई, चल की. सगळे पुढं गेले."

"थांब रे. याचा बाप असाच घाई करून क्युबाच्या लढाईला गेला, तो तिकडंच राहिला. बाई, खोटं कशाला बोलू, मला आता त्याचं तोंड आठवत नाही. फोटोच नव्हता ना. म्हणून याला म्हटलं, आधी फोटो, मग बोट."

'आठवड्याने या' एवढंच कसंबसं बोलले. ती गेल्यावर दुकान उघडं टाकून मी तडक चौक ओलांडला.

"कासिमिरो, त्या बाईच्या पोराला तुझ्या मेहुण्यानं रिकाम्या खोक्यासमोर उभं केलं."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे ते, ओब्दुलियाबाई. गंमत असते ती."

"ती तुझ्या गावची नाही, मुडद्या." आणि मी त्याला क्युबाचं सांगितलं.

त्याचा चेहरा उतरला. सकाळपासून चौकापायी फोटो घ्यायच्या काचा संपत आल्या होत्या, एकच उरली होती. ती घेऊन तो दुपारभर छावणीच्या दारापासून धक्क्यापर्यंत त्या दोघांना शोधत फिरला. ती सापडली नाहीत. शेवटी संध्याकाळी ब्लास दिसला तो थेट बोटीवर, कठड्याशी. तिपाई बघताच बोटीवरची सगळी पोरं त्याच कठड्यावर लोटली आणि धक्क्यावरच्या आया कासिमिरोच्या पुढे आल्या.

फुल्हेन्सिओ कानाशी लागला, "दाजी, त्या टोकाला खोकं लावू का? गर्दी हटेल."

"लावलंस तर समुद्रात फेकीन. खोकं नाही, तुला."

मग कासिमिरो एका पिंपावर चढला आणि ओरडला, की सगळ्यांचाच फोटो निघेल, पण उजेड कमी आहे, तीन म्हणेपर्यंत कुणी पापणीही हलवायची नाही. मस्ती करणारी ती पोरं गप्प झाली. आयांनी मान खाली घालून वाट करून दिली. एक, दोन, आणि तेवढ्यात गर्दीत घुसून रेमिहियाने हाक मारली, "ब्लास, मी इथं आहे रे." त्याने मान वळवली, हात वर केला. भोंगा झाला, बोट सुटली.

आठवड्याने ती आली, तोवर मेलियाहून वाईट बातम्या यायला लागल्या होत्या. दुकानात इतर आयांची रांग लागली होती; प्रत्येकीला आपला पोरगा स्पष्ट सापडत होता. रेमिहियाला मात्र गणवेशाच्या गळ्यावर, तोंडाच्या जागी, एक पांढरा फराटा मिळाला. तिने बोटाने तो पुसून पाहिला.

"हा हललाय," ती म्हणाली. "असू दे. सकाळचा द्या. त्यात नाही हलला, मी त्याची बाही धरून ठेवली होती."

फोटो वाटत असलेला कासिमिरो दाराकडे गेला, परत आला. मला वाटलं, हा आता काहीतरी थाप मारणार. पण त्याने टोपी काढली आणि सांगितलं, "बाई, त्या खोक्यात काही नव्हतं. नुसतं खोकं होतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"तो हसला होता वाटतं तेव्हा," ती हळू म्हणाली. "बाजूचे लोक म्हणाले, पोरगा किती छान हसतोय. मी त्याच्याकडं बघितलंच नाही. साहेबांनी सांगितलं होतं ना, खोक्याकडं बघा म्हणून."