आजोबांचा आवाज माझ्यात होता

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी दोन बटणं सैल झालीत, एका कोपऱ्याला चिकटपट्टी आहे. पण म्हातारपणाचं रडगाणं मी गाणार नाही. गेल्या रविवारी जे घडलं, त्याने माझा पंखा अजून धडधडतोय, ते सांगतो.

मी नवाकोरा घरात आलो आणि आठवड्यातच कळलं, मालक भारी हौशी! एरवी ते पुलांचे नकाशे काढायचे. सुट्टी आली की माझी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे माझं सगळं कामकाज चालवणारी व्यवस्था, बदलायचे. ती सुरळीत चालली की यांचे हात शिवशिवलेच. एकीतली अक्षरं आवडायची नाहीत, दुसरीतले रंग. चौदा वेळा मला पुसून नव्याने उभं केलं!

"अहो, बरं चाललंय ना? मग कशाला उगाच खोड काढता?" त्यांची बायको विचारायची.

"ही शेवटची गं!"

मालकांचे वडील कोर्टात नावं पुकारायचे. त्यांची हाक थेट फाटकापर्यंत जायची. पुढे घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग आठवडाभर माझ्यासमोर बसून आजोबांनी रोजची वाक्यं माझ्यात भरून ठेवली. "पाणी दे गं." "पंखा बंद करा." "हळू बोला, मुका झालोय, बहिरा नाही!"

ऑपरेशननंतर बटण दाबलं की त्यांचा आवाज माझ्यातून निघायचा. नात बालवाडीतून आली की ते ठरलेलं बटण दाबायचे, "आली का माझी वाघीण?" ती बुटांसकट धावत यायची. काय सांगू, मला केवढा अभिमान वाटायचा!

आणि रविवारी मालकांनी पंधरावी सिस्टीम आणली. "सगळं पुसायचं का?" मी पडद्यावर मोठ्या अक्षरांत विचारलं. त्यांनी सवयीने 'हो' दाबलं. न वाचता!

"बाबांच्या आवाजाची प्रत ठेवलीय ना?" बायकोने विचारलं.

"आहे की, बाहेरच्या डिस्कवर," ते म्हणाले आणि डिस्क जोडून बघितली. रिकामी! ती त्यांनीच मागच्या महिन्यात पुसली होती, हीच पंधरावी सिस्टीम आधी तिच्यावर करून बघायला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी तर सुन्न झालो. आपल्याच पोटातला आवाज असा जातो?

दोन दिवस त्यांनी माझा कोपरा न् कोपरा धुंडाळला. काहीही सापडलं नाही. आजोबांनी त्यांच्या पाठीवरून नुसता हात फिरवला, तेव्हा मालक हमसून हमसून रडले.

मित्रांनो, नवं करून बघायची हौस जरूर असू द्या. पण पुसण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, यात तुमचं काय आहे? प्रत आहे असं नुसतं म्हणू नका, उघडून बघा.

आता नात यायच्या वेळी आजोबा पाटीवर काहीतरी लिहून दारात उभे राहतात. तिला अजून वाचता येत नाही. ती पाटीकडे बघून हसते, मग माझ्यापाशी येऊन स्वतःच ते बटण दाबते आणि वाट बघत उभी राहते.