तिन्ही बाजूंनी कापलेली बिलं

बाइंडरनं ते पुस्तक खिडकीतून आत सरकवलं, तेव्हा समोरच्या बाई थक्क होतील, निदान एकदा तरी त्यावरून हात फिरवतील, अशी त्याची पक्की समजूत होती. हिरव्या कापडाचा कणा, जाड पुठ्ठा आणि आत बायकोच्या औषधांची वर्षभराची एकशे चौदा बिलं. तारखेनुसार लावलेली, दोऱ्यानं शिवलेली, तिन्ही बाजूंनी मशीनवर कापून एकसारखी केलेली. इतकी देखणी बिलं या कार्यालयात आजवर कुणी आणली नसतील. बाईंनी पाचसहा पानं उलटली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"बिलांचे नंबर कुठायत?"

"असतील की. नीट बघा."

"तुम्हीच बघा."

बाइंडरनं भराभरा पानं उलटून पाहिली. औषधाच्या दुकानातलं मशीन बिलाचा नंबर उजव्या कडेला उभा छापायचं, अगदी काठाला चिकटून. तो काठ आता एकाही पानावर नव्हता.

"हे कापलं कुणी?" बाईंनी विचारलं.

"बाइंडिंग म्हटलं की कड कापावीच लागते. तुमच्या फायलींतून कागद लोंबतायत, तसलं काम आम्ही करत नाही."

"आम्हाला पुस्तक नको होतं हो. बिलं हवी होती. नंबर नसलेलं बिल माझ्या लेखी कोरा कागद." त्यांनी पुस्तक परत बाहेर ढकललं. "अर्जाचा सोमवार शेवटचा दिवस. पुढे व्हा."

पुढे व्हा म्हणजे बाजूला व्हा. बाइंडरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो त्या बाईंना, त्यांच्या साहेबाला आणि एकूणच सरकारला जे काही बोलला ते रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. बाईंनी मात्र तोवर पुढच्या माणसाचे कागद तपासायला घेतले होते. असल्या माणसावर ओरडण्यात काही सुख नसतं.

योजना साधी होती. घरच्या माणसाच्या औषधांवर वर्षभरात खिशातून ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त खर्च झाला, की पुढची औषधं सरकार पुरवणार. ती मर्यादा बाइंडरनं केव्हाच ओलांडली होती. दोन कटिंग मशीनपैकी एक औषधांपायी विकलं गेलं होतं आणि उरलेलं विकलं तर हातात फक्त खळीचा डबा राहिला असता. बायकोला पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन लागायचं. पुढचं गुरुवारी होतं आणि त्याची सोय अजून झालेली नव्हती.

योजनेची बातमी आणली होती धाकट्या मेहुणीनं. ती इस्पितळात नर्स. अर्जही तिनंच भरला आणि जाताना चारचारदा बजावलं होतं, "भाऊजी, बिलं आहेत तशी पिशवीत घालून द्या. त्यांना हात लावू नका." आता बाइंडरला कुणी हात लावू नका म्हटलं की त्याचे हात शिवशिवायला लागायचे. चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या चुरगळलेल्या कागदांना शिस्त लावली होती. आपल्याच घरचे कागद भाजीसारखे पिशवीत नेऊन द्यायचे? ती गेल्यावर त्यानं दार लावलं आणि दोरा ओवला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मेहुणी बहिणीपाशी बसली होती. पुस्तक बघून तिनं कपाळावर हात मारला.

"कापलीत? सांगितलं होतं ना मी?"

"तो दुकानदार काठावर नंबर छापतो, त्याला जाऊन विचार. जगात कुणी काठावर काही छापतं का?"

"त्यानं छापलं, तुम्ही कापलं आणि गुरुवारी सोसायचं माझ्या बहिणीनं."

"माझ्या घरात मला शिकवू नकोस."

बायको पलंगावर उशीला टेकून सगळं ऐकत होती. तिचे पाय घोट्यापर्यंत सुजले होते. एकेकाळी दिवसभर त्याच्या कारखान्यात बसून छापील कागदांच्या घड्या घालणारी बाई, आता तिला चादरीचीही घडी घालवत नव्हती. तिनं पुस्तक हातात घेतलं, कण्यावरून बोट फिरवलं.

"शिवण छान झालीय," ती म्हणाली. "माझं आजारपणही तुम्हाला बांधून ठेवायचं होतं तर." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

हे बोलणं बाइंडरला मेहुणीच्या आरडाओरड्यापेक्षा झोंबलं. झोंबायला कारण होतं. औषधं सुरू होण्याआधी ही बाई आठ महिने सांगत होती की अंग सुजतंय, दम लागतोय. तेव्हा शाळांच्या हजेरीपटांचं मोठं काम आलं होतं आणि तो म्हणायचा, "तुला कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काही नाही." काम संपल्यावर तो तिला घेऊन गेला, तर डॉक्टर म्हणाले, आठ महिने आधी आणलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं. बाहेर येऊन त्यानं डॉक्टरांनाच शिव्या घातल्या होत्या. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. निघू लागला की बाइंडर आवाज चढवायचा.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी तो कारखान्यात गेला. कातरण फेकायचं नाही, ही त्याची जुनी खोड. अरुंद पट्ट्या पुस्तकांच्या पाठीवर नावं चिकटवायला कामी येतात म्हणून तो त्या खोक्यात ठेवायचा. मशीनचं पातं गठ्ठा एका दमात कापतं, त्यामुळे पट्ट्याही गठ्ठ्यानंच पडतात, आणि पडल्या तशा त्यानं त्या उचलून ठेवल्या होत्या. एकशे चौदा पट्ट्या, एकावर एक, क्रमानं. प्रत्येकीवर एक नंबर. बाइंडर तिथेच जमिनीवर बसला. हायसं वाटलंच, पण त्याहून जास्त राग आला, आणि या वेळी तो काढायला समोर कुणी नव्हतं.

सोमवारी तो पट्ट्या, उसवलेली बिलं आणि एक अर्ज घेऊन खिडकीवर उभा राहिला. बाईंनी दहाबारा पट्ट्या बिलांना लावून पाहिल्या. जुळत होत्या. मग त्यांनी अर्ज वाचला. त्यात लिहिलं होतं, दुकानानं नंबर चुकीच्या जागी छापल्यामुळे हा प्रकार घडला, तरी सहानुभूतीनं विचार व्हावा.

"दुकानदाराची चूक आहे?"

"मग कुणाची?"

"मग दुकानदाराला आणा. त्याची सही लागेल. पाचला खिडकी बंद होते." त्यांनी कोरा कागद पुढे केला. "नाहीतर खरं काय झालं ते लिहा. कुणी कापली, का कापली. मला तुमची बाजू नकोय, साहेबांना दाखवायला कारण हवंय."

"बाई, मी चाळीस वर्षं—"

"तुम्ही चाळीस वर्षं काय करता ते मला दिसतंय. लिहिता का पुढे होता?"

मागची रांग कुजबुजायला लागली. बाइंडरनं पेन घेतलं. दुकानदार काही सही करणार नव्हता. मेहुणीवर घालावं, तर तिनं नकोच म्हटलं होतं. शेवटी त्यानं भराभरा लिहून, पुन्हा न वाचताच सही ठोकली. बाईंनी शिक्का मारला, त्याच कागदाची एक झेरॉक्स काढून त्याला दिली.

"ही पोच इस्पितळात दाखवा. निकाल लागेपर्यंत इंजेक्शन मिळतं. गुरुवार चुकवू नका." मग अर्जाकडे बघत त्या म्हणाल्या, "एवढं लिहायला तीन दिवस लागले?" त्यानं पोच घडी घालून खिशात ठेवली.

घरी बायको एकटीच होती. त्यानं पोच तिच्यापुढे टाकली. "झालं काम. गुरुवारचं मिळणार."

तिनं कागद डोळ्यांजवळ धरून मोठ्यानं वाचला. "बिलं मी स्वतः कापली. मला आधी सांगितलं होतं, पण मी ऐकलं नाही. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. चूक माझी आहे."

वाचून झाल्यावर तिनं तो पुन्हा वाचला, या वेळी मनातल्या मनात. मग उशीखाली हात घालून तिनं पुस्तक उसवल्यावर उरलेला एक कोरा कागद काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"असंच एक मला लिहून द्या."

"वेड लागलंय का? घरातल्या घरात कसलं लिहून द्यायचं?"

"त्या बाईला दिलंत. ती तुमची कोण लागते?"

"कागद लागत होता म्हणून दिला."

"मलाही लागतोय."

त्यानं आवाज चढवायला तोंड उघडलं. ती त्याच्याकडे बघत होती, नेहमीसारखी भिंतीकडे नाही. त्याला डॉक्टर आठवले, हजेरीपटांचं काम आठवलं, त्या दिवसांत शाळांनी लावलेली घाई आठवली. यांपैकी कुणाचीही सही आणता येण्यासारखी नव्हती. तो पलंगाच्या कडेला बसला, मांडीवर पुठ्ठा घेतला आणि सवयीनं वर आजची तारीख घातली.

"ती नको," बायको म्हणाली. "पहिल्या बिलाची तारीख आठवा. तिच्याआधी आठ महिने मोजा. ती घाला."

बाइंडरनं तारीख खोडली. पहिल्या बिलाची तारीख आठवली, बोटांवर मागे मागे मोजत गेला आणि नवी तारीख लिहिली. खाली 'मला आधी सांगितलं होतं' एवढं लिहिलं आणि त्याचा हात थांबला.

"पुढे," ती म्हणाली. "मी बसलेय."