मिठाची दोन घरं

दहावीचा माझा एकच विषय राहिला होता, विज्ञान, आणि तोही दोनदा राहिलेला. बाहेरून बसणाऱ्या बाईला विचारून पुरवणी परीक्षेची तारीख कोण ठरवतं? ती नेमकी भातलावणीत आली. इकडे आमच्या पासली गावात आशाताईची, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकेची, जागा मोकळी झाली होती, आणि बाई दहावी पास हवी होती. या खेपेला विज्ञान सुटलं नाही तर जागा दुसरीची.

पेपर दोन दिवसांवर असताना शेजारच्या मंगलच्या खाचरात सावड होती. आज आम्ही तिच्या रानात, उद्या ती आमच्या. पैशाचं नाव नाही, माणसाला माणूस. जेवायला बांधावर बसलो तसं मी काडीनं चिखलात समीकरण मांडलं. माझी लेक श्रावणी अकरावी सायन्सला, ती भाकरी खात तपासायला बसली.

Na₂CO₃ + CaCl₂ → CaCO₃ + NaCl

धुण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराईड जोडीदार बदलतात. खडू खाली बसतो, मीठ पाण्यात राहतं. इथवर मला सगळं छान कळतं. पण बाणाच्या अलीकडे सोडियम दोन, क्लोरीन दोन, आणि पलीकडे एकेकच. मी मिठाच्या पोटात दोन बारीक दोन घातले. Na₂Cl₂. मोजलं, जमलं.

श्रावणीनं चिखलाचाच हात कपाळाला मारला. "आई, असलं मीठ जगात न्हाई!"

"जमतंय की. मोज."

"मोजायला जमतंय गं. पण मीठ कुठं राह्यलं?" मग ती वळली. "मंगलकाकी, तुमच्या घरातनं सावडीला किती जणी?"

"मी आन् सासूबाई, दोगी. का, काम कमी पडतंय व्हय?"

"समजा, आमाला चार जणी हव्यात. मग तुमच्याच घरात दोघी वाढवायच्या का?"

"कुठनं वाढवू? नवऱ्याला लुगडं नेसवू?"

सगळ्या हसल्या. मंगलनं हसू आवरलं. "आमच्यावानी दोगींचं दुसरं घर बोलीव की. घरातली माणसं हायेत तेवढीच राहणार."

"ऐकलंस?" श्रावणीनं माझे बारीक दोन पुसले आणि मिठाच्या पुढं एक मोठा दोन काढला. 2NaCl. "मिठाची दोन घरं."

मी बघत राहिले. सूत्रात बदल करू नये, हे वाक्य मला दोन वर्षं पाठ होतं. फक्त त्यातलं सूत्र कुठलं, ते कुणी दाखवलं नव्हतं.

मंगलच्या सासूबाई, जाईबाई, पुढं सरकल्या. "ह्यात सासू कंची गं?"

"कार्बोनेट," मी म्हणाले. "आम्ल पडलं की फसफसते."

जाईबाईच सगळ्यांत मोठ्यानं हसल्या.

पेपरच्या दिवशी आमच्याच खाचरात लावणी होती. मंगल म्हणाली, "तू जा. तुझ्या वाटची रोपं आमी लावतो. नापास झालीस तर मातर पुढल्या साली माझ्या रानात दुप्पट राबायचं."

एसटीनं वेल्ह्याला गेले. पेपरात चांदीचा क्षार आला.

AgNO₃ + Na₂CO₃ → Ag₂CO₃ + NaNO₃

पलीकडे चांदी दोन, अलीकडे एक. पेन सवयीनं बारीक दोनाकडे निघालं होतं, ते मागं घेतलं. चांदीचं दुसरं घर बोलावलं, पुढं मोठा दोन. तर आता नायट्रेट अलीकडे दोन आणि पलीकडे एक. एक सावरावं तर दुसरं सांडतं, अगदी माझ्या स्वयंपाकघरासारखं. शेवटच्या क्षाराचीही दोन घरं केली, तेव्हा सोडियमसुद्धा आपोआप जुळलं.

"आलं!" मी मोठ्यानं म्हणाले.

"ताई, मनात," पर्यवेक्षक म्हणाले.

निकाल लागला तेव्हा आम्ही भात बेणत होतो, तण उपटत होतो. श्रावणी रेंजसाठी टेकाडावर चढली होती, तिथूनच ओरडली, "आई! सदतीस! पास!"

मला चिखलातच बसावंसं वाटलं, आणि बसलेच.

"सदतीसच?" मंगल म्हणाली. मग जवळ येऊन तिनं हात पुढं केला. "बघ गं आशाताई, माझी नाडी कशी चाललीय."

"अगं, जागा कुठं मिळालीय अजून? आधी अर्ज तर करू दे."

"कर की. तवर बघ."

मी चिखलाच्या बोटांनी तिचं मनगट धरलं. नाडी लागेना. बोटं जरा सरकवून पुन्हा दाबली.

"हाय का न्हाई?" जाईबाईंनी लांबून विचारलं.

"हाय," मी म्हणाले. "लई जोरात हाय."