हाताला सोडलेले मार्जिन

मनुष्याच्या हातून घडणाऱ्या चुकांचे प्रकार अनंत आहेत. परंतु स्वतःच्याच हाताला शिवणीचे मार्जिन सोडण्याची चूक, माझ्या अल्प माहितीप्रमाणे, आजवर एकट्या माझ्या नावावर जमा आहे. ती कशी घडली आणि तिच्यापायी आमच्या घराने केवढी धांदल अनुभवली, हे मी येथे यथाक्रम निवेदन करीत आहे.

मी व्यवसायाने टेलर. गिऱ्हाइके मला मास्तर म्हणतात. रस्त्याच्या वळणावर माझे दुकान असून त्यात दोन मशिनी, एक लांब कापड बेतण्याचे टेबल आणि एक उभा आरसा आहे. आठवडाभर मी या दुकानात पॅन्टी शिवतो आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या घरगुती बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. ज्यांचा या वाद्याशी परिचय नसेल त्यांच्याकरिता सांगतो की, कोटाला जसे अस्तर तसा गाण्याला बेस. बाहेरून तो कोणाच्या ध्यानात येत नाही; पण काढून घेतला, की गाणे अंगावर बसेनासे होते. बँडमध्ये माझी पत्नी ड्रम वाजवते. तिचा भाऊ गातो. त्याला सर्वजण भोंगा म्हणतात, आणि त्याच्यापुढे माइक ठेवणे हा निव्वळ शिष्टाचार आहे. सासूबाई समोरच्या खुर्चीत बसून चुका काढतात. ती जबाबदारीही कोणत्याही वाद्याइतकीच अखंड वाजत असते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या डाव्या हाताच्या करंगळीने असहकार पुकारला. जाड कापड मशिनीखालून ओढून ओढून ती आखडली होती. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या मोठ्या वाद्यावर बोटं ताणाल तर हात कायमचा जाईल. एखादं लहान, हाताला बसणारं मिळतं का बघा." दुकानातली लहान वाद्ये मी पाहिली, परंतु त्यांची दांडी, म्हणजे जिच्यावर डाव्या हाताची बोटे फिरतात तो लांब भाग, इतकी जाड होती की करंगळी पलीकडे पोचतच नव्हती.

अशा वेळी कोपऱ्यावरचा औषधवाला आमच्या तालमीला 'सहज' येऊन बसू लागला. उंच माणूस, मेणबत्त्यांसारखी बोटे, आणि स्वतःच्या मालकीची बेस गिटार! "मास्तर, तब्येतीला जपा हो," तो मोठ्या मायेने म्हणायचा. "इथलं मी बघून घेतो."

पत्नीला मी विचारले, "त्याच्याबरोबर वाजवशील?"

"वाजवीन की. पण ड्रमच्या पेडलवर पाय मी तुमच्या बोटांकडे बघून मारते. त्याच्या बोटांकडे बघत बसू का आता?"

या उत्तराने माझ्या अंतःकरणात आनंद आणि भीती यांनी एकदमच प्रवेश केला. मी दुसऱ्याच दिवशी रंधेबाईंकडे गेलो.

रंधेबाई हे त्यांचे खरे नाव नव्हे. लाकडावर रंधा मारत असताना त्या कोणाकडेही मान वर करून पाहत नाहीत, म्हणून वाजवणाऱ्या मंडळींनी त्यांना ते बहाल केले आहे. एका जुन्या गोदामाच्या मागच्या खोलीत त्या एकट्या, मागणीप्रमाणे, एका वेळी एकच वाद्य घडवतात. खोलीत सरसाचा वास, पायांखाली लाकडाचा भुसा, आणि भिंतीवर एक फळी. फळीवर तापल्या सळईने कोरले होते: 'कधी होणार, असे विचारणाऱ्याचे काम रांगेत शेवटी जाईल.'

"हे खरं आहे?" मी विचारले.

"बेकरीवाल्याला विचारा. त्याचं मँडोलिन दोनदा शेवटी गेलंय. घाईनं केलेलं लाकूड वाकतं, मास्तर. हं, हात पुढे करा, माप घेते."

येथे माझ्यातील कारागिराचा अहंकार जागृत झाला. आयुष्यभर ज्याने जगाची मापे घेतली त्याने आपला हात दुसऱ्यापुढे पसरावा?

"मापाचं माझ्यावर सोडा, बाई. तुम्ही फक्त लिहून घ्या."

मी खिशातली टेप काढली, प्रत्येक बोटावर लावली, आणि धडाधड आकडे सांगितले. बाईंनी ते पेन्सिलीने एका ढलप्यावर टिपले. वाद्याची लांबी कमीत कमी ठेवायची हे ठरलेच होते. दांडीची जाडी आणि रुंदी तेवढी या मापांवर अवलंबून होती.

त्यानंतर जी प्रतीक्षा सुरू झाली तिचे वर्णन करण्यास माझी लेखणी असमर्थ आहे, तरी प्रयत्न करतो. मी झाडू हाती घेतला की त्याच्या दांड्यावर बोटे चालू लागायची. बाह्यांची मापे घेताना मी तालात मान हलवायचो आणि गिऱ्हाईकही नकळत हलवू लागायचे. दुपारच्या डुलकीत मी पत्नीच्या मनगटावर एक संपूर्ण गाणे वाजवले, आणि ती डोळे न उघडता म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात चुकलात." वाद्य येण्याआधीच मी त्याच्यासाठी पट्टा शिवला, मग आतून मखमल लावून एक जाड कव्हर शिवायला घेतले. दिवसभर गिऱ्हाइके दारात उभी राहून मला विचारायची, "मास्तर, कधी देणार?" मी म्हणायचो, "उद्या." आणि मी मात्र कोणालाही काही विचारू शकत नव्हतो! असा न्याय नाटकात दाखवला असता तर मीच त्याला अतिशयोक्ती म्हटले असते.

एके दिवशी एक वकीलसाहेब जाकिटाचे माप द्यायला आले. पत्नी शेजारी बसून बटणे लावत होती.

"कंबर छत्तीस," मी म्हणालो.

"चौतीस आहे की," पत्नी म्हणाली. "मला इथून दिसतंय."

"थोडं लूज नको का? जेवल्यावर काय करतील ते?"

"आणि मार्जिन वेगळंच. तुम्ही उभ्या आयुष्यात खरं माप सांगितलंय का कुणाचं?"

"अगं, ही हाताची सवय असते. टेप लावली की तोंडातून आकडा वाढूनच..."

माझे वाक्य तेथेच थांबले. टेप गळ्यात, खडू हातात, आणि वकीलसाहेब दोन्ही बाहू पसरून उभे.

"अहो, काय झालं?"

मी टेप स्वतःच्या डाव्या हाताला लावली. मग मधल्या बोटाला. मग करंगळीला. प्रत्येक ठिकाणी रंधेबाईंना सांगितलेला आकडा अर्ध्या इंचाने जास्त होता. माझ्या हाताला मी लूज धरले होते! माझ्या बोटांना मी मार्जिन सोडले होते, जणू काही धुतल्यावर ती आटणार होती!

"मास्तर," वकीलसाहेब क्षीण स्वरात म्हणाले, "मी हात खाली करू का?"

सायंकाळी स्वयंपाकघरात सभा भरली. जाड दांडी म्हणजे करंगळी पोचणार नाही. करंगळी पोचली नाही म्हणजे शनिवारी माझ्या जागी औषधवाला बसणार. चूक सांगायला तातडीने रंधेबाईंकडे जाणे आवश्यक होते. पण तिथे जाऊन माझ्या जिभेवरून 'कधी' निसटले, की काम रांगेत शेवटी.

"दाजी, मी सांगून येतो," भोंगा म्हणाला.

"तू सांगशील तर अख्ख्या गल्लीला कळेल," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, तुम्हीच जायचं. पण आधी तालीम. मी रंधेबाई. या आत."

मी दाराबाहेर जाऊन पुन्हा आत आलो. सासूबाई लाटण्याने पोळपाटावर रंधा मारत होत्या.

"नमस्कार बाई," मी म्हणालो. "आमचं काम कुठवर आलं?"

"गेलं शेवटी!" सासूबाईंनी लाटणे आपटले. "पुन्हा या."

"नमस्कार बाई. सहज आलो होतो. अजून बरंच राहिलं असेल, नाही?"

"गेलं! अहो, तेच आडून विचारताय तुम्ही!"

"मग बोलू काय?"

"हवा कशी आहे ते बोला!"

"बरं. नमस्कार बाई. हवा छान आहे. वार्निश वाळायला अशीच हवा चांगली, किती दिवस लागत असतील..."

भोंगा हसता हसता पाण्याच्या माठाला धडकला. पत्नीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. शेवटी तिनेच युक्ती काढली. "कव्हरची ट्रायल घ्यायला आलोय, असं सांगा. टेलर ट्रायल घेणारच. आणि मी येते बरोबर. जीभ घसरायला लागली की पाय देईन पायावर."

तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उभयता, कच्च्या टाक्याचे कव्हर खांद्यावर टाकून, रंधेबाईंच्या दारी दाखल झालो.

बाईंनी त्या दिवशी चक्क मान वर केली! एवढेच नव्हे, तर रंधा खाली ठेवून दोन स्टुले पुढे सरकवली. मी मनातून हादरलो. ज्या बाई कोणाकडे पाहत नाहीत त्या आपल्याला स्टूल देतात, याचा अर्थ बातमी वाईट असली पाहिजे.

"हवा बरी आहे," मी म्हणालो.

"छान आहे," बाई म्हणाल्या.

"काल जरा दमट होती."

"होती खरी." बाईंनी सरसाच्या डब्याचे झाकण लावले, काढले, परत लावले. "तुम्ही काही विचारायला आलात का, मास्तर?"

"छे, छे!"

"विचारायचं असेल तर विचारा हो. मनमोकळं विचारा."

"मुळीच नाही! आम्हाला काडीची घाई नाही!"

"जराशी तरी असेलच की," बाई जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाल्या.

पत्नीने माझ्या पायावर पाय दिला. वास्तविक मी तोंडही उघडले नव्हते. त्या कळेने की भीतीने, माझा संयम सुटला आणि मी उठून डावा हात बाईंच्या नाकासमोर धरला.

"बाई, माझा हात लहान आहे! मी तुम्हाला खोटं माप दिलं. म्हणजे मुद्दाम नाही, सवयीनं. अर्धा इंच लूज धरलं. दांडी जाड झाली असेल तर माझी करंगळी पोचणार नाही, आणि मग औषधवाला... ते जाऊ द्या. मी 'कधी' म्हटलेलं नाही, याला ही साक्षी आहे!"

रंधेबाईंच्या हातून झाकण खाली पडले आणि गोल फिरत भुशात आडवे झाले.

"परत म्हणा."

"मी 'कधी' म्हटलेलं नाही..."

"ते नको. हात कसा आहे म्हणालात?"

"लहान."

बाई मटकन स्टुलावर बसल्या, आणि मग त्यांना हसू फुटले. एवढे दणदणीत हसू त्या शांत खोलीत मावत नव्हते. त्यांनी आतल्या बाजूला टांगलेले एक फडके दूर केले. मागे माझे वाद्य होते! मधाच्या रंगाचे लाकूड, लहानसे गोल अंग, खुंट्या बसवलेल्या, तारा अजून नाहीत.

"लाकडात एक गाठ लपून बसली होती," बाई म्हणाल्या. "रंधा अडकला आणि दांडीचा मोठा ढलपा निघाला. एका बाजूनं गेला म्हणून सगळीकडून तेवढं काढून सारखं केलं. दांडी झाली बारीक! तुमच्या मापाला अगदी कुचकामी. रोज तुम्हाला कळवायचं ठरवते आणि फोन खाली ठेवते. वाटलं, मास्तर येऊन एकदा 'कधी' म्हणतील, तर नियमाप्रमाणे तुम्हाला शेवटी टाकीन आणि तेवढ्यात गुपचूप नवी दांडी करीन. बाकी सगळे विचारतात हो! तुम्ही तेवढे विचारीनात!"

"आम्ही घरी तालीम केली होती," पत्नी म्हणाली.

"न विचारायची?"

"आईनं बसवली."

मी वाद्य मांडीवर घेतले. माझे हृदय मशिनीच्या सुईसारखे चालले होते. अंगठा मागे ठेवला, बोटे पुढे आणली, आणि करंगळी, ती रुसलेली, आखडलेली, औषधवाल्याच्या बाजूची करंगळी, अलगद पलीकडे जाऊन टेकली. बाईंची चूक आणि माझी चूक एकमेकींत अशा बसल्या, जसे बटण काजात.

"इथे किंचित टोचतंय," मी अंगठ्याच्या मागची जागा दाखवली.

"म्हणजे ट्रायलच की ही," बाईंनी पॉलिश पेपर घेऊन चार हात मारले. "आता?"

"आता नाही."

त्यांनी सर्वांत जाड तार तेवढी चढवली, वाद्य अॅम्प्लिफायरला जोडले, आणि मान हलवली. मी तार छेडली. तो स्वर खोलीभर असा पसरला की टेबलावरचा भुसा थरथरला आणि कपाटातल्या कानशी किणकिणल्या. पत्नीने दोन लाकडाचे तुकडे उचलले, सरसाचा डबा पुढे ओढला आणि माझ्या बोटांकडे पाहत ठेका धरला. एकाच तारेवर आम्ही आमचे अर्धे गाणे वाजवले. दुसऱ्या कडव्यात मी चुकलो नाही. बाई भुशात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या आणि त्यांच्या केसांतून लाकडाची कुरळी सालपटे गळत होती.

मग आम्ही कव्हरची ट्रायल घेतली. कव्हर अर्थातच सर्व बाजूंनी अर्धा इंच मोठे होते.

"हे थोडं आत घ्यावं लागेल," मी खडूने खुणा करीत म्हणालो.

"घ्या. बाकीच्या तारा चढवून मी वाद्य तयार ठेवते. पण कव्हराशिवाय ते माझ्या दारातून बाहेर जाणार नाही." बाईंनी रंधा हाती घेतला आणि सहज, आपल्याच नादात विचारले, "कधी देणार?"

पत्नीने भिंतीवरच्या फळीकडे पाहिले. बाईंनीही पाहिले आणि त्यांचे कान लाल झाले.

माझ्या तोंडून, आयुष्यभराच्या सवयीने, एकच उत्तर निघाले.

"उद्या."

आणि वाचकहो, त्या दिवशी सर्व गिऱ्हाइकांच्या पॅन्टी बाजूला सारून मी मशिनीवर बसलो, आणि ते 'उद्या' अक्षरशः खरे करून दाखवले.